म्हाताऱ्या इंजिनाचं काय करायचं?

मुलांनो, मुंबईला गेटवे ऑफ इंडियाच्या कठड्याशी उभं राहिलं, की समोर नांगरलेल्या शिडाच्या नौका दिसतात. तुम्ही म्हणाल, यांना तर वारा नेतो, मग पोटात डिझेल इंजिन कशाला?

अहो, वारा काही आपल्या सांगण्यावरून वाहत नाही! बंदरात शिरताना आजूबाजूला दहा नौका उभ्या असतात, ओहोटीचं पाणी ओढत असतं, आणि नेमका तेव्हाच वारा पडतो. त्या वेळी इंजिन सुरू झालं नाही, तर नौका खडकावर जायला फार वेळ लागत नाही. दिव्यांची बॅटरीही बहुतेक नौकांवर त्याच इंजिनावर भरते. (नौदलाच्या अभिलाष टॉमी यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून २०१२-१३ साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती मात्र शिडावर. तसल्या प्रदक्षिणेत इंजिनाने नौका पुढे नेलेली चालत नाही.)

तर असं हे इंजिन पंचवीस-तीस वर्षांचं झालं, की कुरकुरू लागतं. गॅरेजवाले म्हणतात, "इंजिन कामाला आलं." मग मालकाची झोप उडते. खोलून नव्याने बांधायचं, की काढून टाकून नवं बसवायचं? जुन्या नौकेची सगळी मिळून जेवढी किंमत, तिचा मोठा हिस्सा एकट्या नव्या इंजिनावर जातो!

उत्तर शोधायचं तर आधी आजार ओळखायला हवा. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून भराभर हवा मारा. पंप गरम लागतो ना? रुडॉल्फ डिझेल यांचं १८९७ साली जर्मनीत यशस्वी झालेलं इंजिन याच तत्त्वावर चालतं. आजच्या छोट्या डिझेल इंजिनात पिस्टन हवेला सुमारे वीसपट दाबतो. ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि तिच्यात डिझेलचा फवारा उडाला की आपोआप पेट घेतो. ठिणगी लागतच नाही. पण पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर हवा बाजूने निसटते, दाब कमी पडतो, आणि थंडीच्या सकाळी इंजिन नुसतं खोकत बसतं.

धूरही पुष्कळ सांगतो. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा असेल तर इंजिनातलं ऑइल जळतंय, म्हणजे रिंगांवर किंवा व्हॉल्व्हवर संशय घ्यायचा. पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर आत पाणी शिरलंय.

पण थांबा हं, लगेच पाना उचलू नका. पुष्कळदा रोग इंजिनात नसतोच. टाकीत पाणी साचतं, त्यात सूक्ष्म जीव वाढतात, आणि त्यांचा बुळबुळीत गाळ फिल्टरमध्ये अडकतो. बिचाऱ्या इंजिनाला डिझेलच मिळत नाही! थंड पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी चाक फाटलं, तर इंजिन तापतं. या गोष्टी थोड्या पैशांत होतात. त्या न बघताच इंजिन मोडीत काढणारे लोकही आहेत, आणि मला ते मुळीच पटत नाही.

खरा शत्रू मीठ. काही जुन्या इंजिनांत समुद्राचंच पाणी फिरवून त्यांना थंड ठेवतात. ते फार तापलं तर क्षार आत थरांनी बसतात, आणि गंज लोखंड आतून खात जातो. रिंगा, बेअरिंग, लायनर बदलता येतात, पण मुख्य सांगाडा, म्हणजे ब्लॉकच पोखरला असेल, तर बांधणार कशाला? माझं मत विचाराल, तर ब्लॉक धड असेल आणि सुटे भाग मिळत असतील, तर जुनंच बांधावं. ते आपल्या जागेवर नीट बसलेलं असतं.

कारण नवं बसवणं म्हणजे नुसती अदलाबदल नव्हे. नवं इंजिन हलकं आणि लहान, पण जास्त वेगाने फिरणारं असतं. त्याचे पाय जुन्या बैठकीवर बसत नाहीत. गिअरबॉक्स वेगळा, म्हणून मागचा पंखाही बहुधा बदलावा लागतो. कधीकधी तो उलटा फिरतो!

आणि सगळ्यांत नाजूक काम म्हणजे इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आणणं. जोडावरची फट कागदाच्या जाडीएवढीही कमीजास्त चालत नाही. नाहीतर नौका थरथरते, बेअरिंग खातं. आता गंमत ऐका. हे काम किनाऱ्यावर कितीही अचूक केलं, तरी शेवटचं माप पाण्यातच घ्यावं लागतं. जमिनीवर टेकूंवर उभी असलेली नौका किंचित वाकते, आणि पाण्यात उतरली की तिचा आकार पुन्हा बदलतो. लाकडी असेल तर जास्तच. म्हणून कारागीर तिला एक-दोन दिवस तरंगू देतो, मग पट्टी घेऊन आत उतरतो, पुन्हा फट मोजतो, आणि त्यानंतरच बोल्ट शेवटचे आवळतो.