ऐकण्याची विद्या



आपल्या शाळांतून वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात व उत्तम बोलणाऱ्यास ढाल मिळते. परंतु उत्तम ऐकणाऱ्यास पारितोषिक दिल्याचें सहसा दिसत नाहीं. वस्तुतः आपल्या पूर्वजांनीं नवविधा भक्तींत श्रवणास पहिलें स्थान दिलें आहे. दुःखी मनुष्याचें म्हणणें ऐकून घेणें ही प्रयत्नानें संपादन करावयाची विद्या आहे, आणि ती प्रत्येक शाळेंत शिकविली गेली पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे.

'समुपदेशन' ह्या शब्दांत 'उपदेश' दडलेला असल्यामुळें पुष्कळांची अशी समजूत होते कीं, समुपदेशक म्हणजे चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा गृहस्थ. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनीं ही समजूत मुळापासून हालविली. ज्याचें दुःख, त्यालाच तें अधिक कळतें. योग्य आधार मिळाल्यास वाटहि त्याची त्यालाच सांपडते, असा त्यांचा विश्वास होता. म्हणून १९५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत त्यांनीं ऐकणाऱ्याच्या अंगीं तीन गुण आवश्यक मानले: समोरच्याच्या दृष्टीनें त्याचें जग पाहणें, कोणतीहि अट न घालतां त्याचा आदर राखणें, आणि स्वतः ढोंग न करणें.

हा विचार आपल्या भूमीस अगदींच परका नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथील विसोबा खेचर व नामदेव यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. शिवलिंगावर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना नामदेवांनीं हटकलें, तेव्हां जेथें देव नाहीं तेथें आपले पाय ठेवण्यास त्यांनीं सांगितलें. लांबलचक प्रवचन त्यांनीं केलें नाहीं. उत्तर शोधण्याचें काम नामदेवांच्याच हातीं दिलें. गुरुशिष्यांचें नातें समुपदेशनाहून निराळें खरें. पण स्वतः शोधलेलें उत्तर मनांत टिकतें, हें सत्य दोहोंकडे सारखेंच.

ह्या विद्येची गरज आपल्या हिंगोली जिल्ह्यास विशेष आहे. हळद, कापूस, सोयाबीन पिकविणारा येथील शेतकरी बव्हंशीं पावसावर अवलंबून असतो. पीक बुडालें कीं कर्ज वाढतें, आणि पुष्कळदां घरचा कर्ता मनुष्य अबोल होतो. हें ओळखून राज्य सरकारनें २०१५ सालीं मराठवाडा व विदर्भ यांतील १४ जिल्ह्यांसाठीं 'प्रेरणा प्रकल्प' आंखला. त्यांत हिंगोलीचाहि समावेश झाला. आशा कार्यकर्त्यांनीं घरोघर जाऊन मनाच्या स्थितीची विचारपूस करावयाची, अशी ती योजना. परंतु प्रश्न कितीहि चांगले असले, तरी विचारणाऱ्याची नजर कागदावरच खिळलेली असेल, तर 'बरें चाललें आहे' यापलीकडे उत्तर येणार नाहीं.

घरींहि असेंच घडतें. पडत्या भावानें माल विकून आलेले वडील 'आतां कांहीं खरें नाहीं' असें म्हणतात, तेव्हां आपण लगेच 'शेजाऱ्यांचें तर याहून वाईट झालें' असें सांगून त्यांचें समाधान करूं पाहतों. हेतु चांगला असतो. पण बोलणें तेथेंच खुंटतें. मुलगी 'उद्यां मी शाळेंत जाणार नाहीं' म्हणाली, कीं पालकहि पहिल्या वाक्यासच तिला दटावतात. त्याऐवजीं 'काय झालें?' एवढें विचारून थांबावें. मध्यें शांतता पडली, तर ती भरून काढण्याची घाई करूं नये. मग जें ऐकलें तें आपल्या शब्दांत सांगून, 'मला बरोबर समजलें का?' असें विचारावें.

कोणी म्हणेल, ऐकल्यानें कर्ज फिटतें काय? नाहीं फिटत. तेथें पीकविमा, बँक व सरकार यांचें साह्यच पाहिजे. परंतु ज्याचें तोंडच मिटलें, त्याच्यापर्यंत साह्य वेळेवर पोहोंचत नाहीं.

येथें मुलांस एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. जीव नकोसा झाल्याचें कोणी बोललें, तर तें गुपित राखूं नये. तत्काळ विश्वासू वडीलधाऱ्यांस कळवावें. एवढें मोठें ओझें एकट्या मुलाच्या खांद्यावर राहतां कामा नये. वडीलधाऱ्यांनींहि तसा विचार मनांत येतो का, हें आपुलकीनें व सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत पेरला जात नाहीं. ऑक्टोबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलतां येतें.

माझी सूचना लहानशी आहे. आठवड्यांतून एक तास दोन-दोन विद्यार्थ्यांनीं समोरासमोर बसावें. एकानें पांच मिनिटें आपल्या मनांतलें बोलावें. दुसऱ्यानें मध्यें न बोलतां ऐकावें व मग ऐकलेलें सांगावें. चुकलें असल्यास पहिल्यानें दुरुस्त करावें. यास ना खर्च, ना साधनें. अशा वर्गांतून बाहेर पडलेलें मूल उद्यां आशा कार्यकर्ती, शिक्षक, तलाठी किंवा केवळ कोणाचा शेजारी होईल; आणि ओसरीवर गप्प बसलेल्या मनुष्याजवळ घटकाभर बसून राहण्याचें धैर्य त्याच्या अंगीं असेल.