गाडीखाली जाण्यापूर्वी

दसरा जवळ आला की आपल्या घरांतून वाहनांकडे विशेष लक्ष जाते. पेढीचा टेम्पो, दारातील मोटार, मुलांच्या दुचाकी, सर्व धुऊन-पुसून लखलखीत केल्या जातात. याच दिवसांत घरातील तरुण मंडळी थोडे पुढे जाऊन गाडीचे ऑइल स्वतः बदलणे, ब्रेकचे लायनर पाहणे, सायलेन्सरची सैल झालेली पट्टी आवळणे अशी कामेही हाती घेतात. अवजारे आता घरपोच मिळतात आणि काम कसे करावे हे मोबाइलवर पाहावयास मिळते. ही हौस कौतुकास्पद आहे. आपले वाहन आपल्याला कळावे, गॅरेजचा खर्च थोडा वाचावा आणि हाताला काम माहीत असावे, यात गैर काहीच नाही. मात्र नट कसा खोलावा हे शिकण्यापूर्वी, आपण गाडीखाली असताना गाडी कशाच्या आधाराने उभी आहे, हे पाहावयास शिकले पाहिजे. या अंकात त्याविषयीच बोलू.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. आमच्या गूळ-भुसाराच्या पेढीमागे मोकळे अंगण होते आणि मालाची ने-आण करणारी मॅटेडोर तेथे उभी असे. धाकटे चुलते, ज्यांना आम्ही सर्व आप्पा म्हणत असू, गाडीची किरकोळ कामे स्वतःच करीत. एका दुपारी त्यांनी मागची बाजू बाटली जॅकवर उचलली, चाक काढले आणि ब्रेकचे तेल कोठून गळते ते पाहण्यासाठी ते आत सरकले. आदल्या रात्री पाऊस झाला होता. इतक्यात पेढीवर गिऱ्हाईक आले आणि आजोबांनी हाक मारली. आप्पा कुरकुरतच बाहेर आले, हात पुसले आणि पाच किलो गूळ तोलू लागले. काटा स्थिर होण्यापूर्वीच अंगणातून धाडकन आवाज आला. ओल्या मातीत जॅकचा तळ एका बाजूने रुतला होता, जॅक कलंडला होता आणि मॅटेडोरचा मागचा भाग जमिनीवर आपटला होता. क्षणापूर्वी आप्पांची छाती होती, नेमक्या त्याच जागी.

आप्पांनी गिऱ्हाइकाचे माप पुरे केले, पण गुळाचे पैसे घेतले नाहीत. तो गृहस्थ आश्चर्याने पाहतच राहिला. त्या दिवसानंतर आमच्या अंगणात नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी गेले नाही. तो नियम घरात आला तो योगायोगाने जीव वाचल्यामुळे. आपल्या घरात तो योगायोगाची वाट न पाहता यावा, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम जॅक म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. जॅक हे उचलण्याचे साधन आहे. गाडीबरोबर मिळणारा कात्री जॅक लांब आट्याच्या दांड्यावर चालतो. त्याचा तळ तळहाताएवढाच असतो आणि तो केवळ वाटेत चाक बदलण्यासाठी दिलेला असतो. बाटली जॅक आणि ट्रॉली जॅक हे तेलाच्या दाबावर चालतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांनी मांडलेला नियम त्यामागे आहे. लहान दट्ट्यावर हाताने दिलेला जोर मोठ्या दट्ट्याखाली अनेक पटींनी वाढतो आणि एकटा माणूस टनभर वजन सहज उचलतो. परंतु उचललेले ते सर्व वजन तेलाच्या एका लहानशा स्तंभावर, एका झडपेवर आणि रबराच्या एका सीलवर तोललेले असते. सील झिजले, झडपेत कचरा अडकला किंवा झडपेचा स्क्रू चुकून कोणाच्या हाताने वा पायाने फिरला, तर जॅक खाली येतो. कधी सावकाश, कधी एकदम.

तथापि जॅक आतून निकामी होण्याइतकाच मोठा धोका गाडी सरकण्याचा असतो. गाडी एका बाजूने वर जाते तेव्हा ती दुसऱ्या बाजूच्या चाकांवर किंचित फिरते आणि जॅकचे टोक आपली मूळ जागा सोडू पाहते. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर न जाता कमानीत वर जातो. त्यामुळे उचलताना जॅकची लहान चाके थोडी पुढे-मागे जाणे आवश्यक असते. खडबडीत जमिनीवर ती अडकली की जॅकची बशी गाडीखालून घसरू लागते. आता नट सोडविण्यासाठी पान्याला दिलेला जोराचा हिसका यात मिळवा. निजलेल्या माणसाला बाहेर सरकण्यास एक क्षणही मिळत नाही.

यासाठी जॅक स्टँड. त्याला रुंद पायांचा, बहुधा चार पायांचा पक्का तळ असतो, मध्ये वर-खाली होणारा दांडा असतो आणि वजन धरून ठेवण्याचे काम तेल नव्हे, तर लोखंडच करते. आपल्या व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर जॅक हे हातउसने आहे आणि स्टँड हे तारण. तात्पुरती गरज हातउसन्यावर भागते, परंतु मोठी रक्कम तारणावाचून आपण कोणास देत नाही. मग स्वतःचा देह विनातारण का ठेवावा?

बाजारात स्टँडचे दोन मुख्य प्रकार मिळतात. पहिल्यात दांड्याला दाते असतात आणि एक खिट्टी त्यांत अडकते. दुसऱ्यात दांडा व बाह्य नळी यांच्या भोकांतून जाड पोलादी पिन आरपार घातली जाते. पिनचा प्रकार हवी ती नेमकी उंची देत नाही, पण पिन पूर्ण बसली आहे की नाही हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. दात्यांचा प्रकार वापरण्यास सोपा आहे, मात्र खिट्टी किती खोल बसली आहे यावर सर्व अवलंबून असते. काही स्टँडमध्ये दाते आणि जादा सुरक्षा पिन अशी दोन्ही सोय असते. घेताना तीच पसंत करावी.

दात्यांविषयी इतके सांगण्यास कारण आहे. २०२० मध्ये अमेरिकेतील हार्बर फ्रेट टूल्स या मोठ्या अवजार-विक्रेत्या कंपनीला आपले पिट्सबर्ग छापाचे ३ टनी व ६ टनी जॅक स्टँड बाजारातून परत बोलवावे लागले. त्यांची संख्या सुमारे १७ लाख होती. उत्पादनाचे साचे जुने व झिजलेले झाल्याने काही स्टँडमध्ये खिट्टी दात्यांत पुरेशी खोल बसत नव्हती आणि वजनाखाली दांडा अचानक खाली येण्याची शक्यता होती. पुढे, त्यांच्या बदल्यात दिलेल्या काही स्टँडच्या जोडकामातही दोष आढळला व तेही परत घ्यावे लागले. यावरून स्टँड निरुपयोगी आहेत असे कोणी समजू नये. स्टँडशिवाय गाडीखाली जाणे त्याहून कितीतरी धोक्याचे आहे. बोध एवढाच की स्टँडही तपासून घ्यावा, तपासून वापरावा आणि त्याच्या जोडीला दुसरा आधारही ठेवावा.

खरेदी करताना धान्याचे पोते पारखावे तसे स्टँड पारखावेत. जोडकामाच्या शिवणी अखंड आहेत काय, चारही पाय फरशीवर सारखे टेकतात काय, दांडा वर ओढल्यावर खिट्टी प्रत्येक दात्यात पूर्ण बसते काय, हे दुकानातच पाहावे. त्यावर लिहिलेली क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, हेही वाचावे, कारण दोन्ही पद्धतींनी ती लिहिलेली आढळते. लहान हॅचबॅक मोटारीचे वजन साधारणतः ८०० ते ९५० किलो असते, तर मोठ्या सात आसनी गाडीचे १,८०० किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक. लहान मोटारीसाठी प्रत्येकी २ टनी आणि मोठ्या गाडीसाठी प्रत्येकी ३ टनी स्टँड घेतल्यास क्षमता पुरेशी हातची राहते. मालाचा टेम्पो असेल तर तो आधी रिकामा करावा. भरलेल्या टेम्पोखाली घरी काम करूच नये. साध्या स्टँडच्या जोडीस मोटारीच्या एका नव्या टायरइतकीही किंमत सहसा पडत नाही. येथे काटकसर शोभत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जमीन सपाट व कठीण हवी. उतार, माती, वाळू ही जागा नव्हे. सोसायटीच्या आवारातील पेव्हर ब्लॉक हलतात आणि उन्हात तापलेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात. कोबा किंवा पक्की काँक्रीटची फरशी उत्तम. जमिनीवर टेकलेल्या राहणाऱ्या चाकांच्या पुढे व मागे दोन्हीकडे पाचरी किंवा भक्कम दगड लावावेत. केवळ हँडब्रेकवर भिस्त ठेवू नये. बहुतेक मोटारींत तो मागच्या चाकांवर चालतो, म्हणून मागची दोन्ही चाके उचलली की त्याचा उपयोग उरत नाही. गिअरचेही तसेच आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढचे एक चाक हवेत असेल तर ते मोकळे फिरते आणि गिअरमध्ये ठेवलेली गाडीही सरकू शकते.

चाक काढावयाचे असेल तर त्याचे नट, चाक जमिनीवर टेकलेले असतानाच थोडे सैल करावेत. मग गाडीच्या माहितीपुस्तिकेत दाखविलेल्या जागीच जॅक लावावा. दरवाजाखालच्या कडेवर त्यासाठी बहुधा खाचा असतात आणि तेथील पत्रा मजबूत केलेला असतो. इतरत्र जॅक लावल्यास पत्रा चेपतो, क्वचित ऑइलचे पात्रही फुटते. गाडी हवी तितकीच उचलावी, मजबूत जागी दोन्ही बाजूंस स्टँड सारख्या उंचीवर लावावेत, खिट्टी वा पिन डोळ्यांनी पाहावी आणि जॅक हळूहळू सैल करून संपूर्ण वजन स्टँडवर येऊ द्यावे. यानंतर गाडीला बाजूने दोन्ही हातांनी चांगला धक्का द्यावा. हलावयाची असेल तर ती आत्ताच हलू दे, आपण खाली असताना नको. ती जराही डगमगली तर पुन्हा उचलून सर्व नव्याने लावावे.

त्यावर आणखी एक खबरदारी. काढलेले चाक भिंतीला टेकवून न ठेवता गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. समजा स्टँड दगा देऊन गेला, तरी गाडी चाकावर अडते आणि माणसापुरती जागा उरते. जॅकही किंचित टेकवून जागीच राहू द्यावा. काम आटोपल्यावर खाली अवजार वा मूल नाही याची खात्री करूनच गाडी उतरवावी.

स्टँड नसेल तर विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे रचण्याचा मोह होतो. भिंतीत पसरलेला भार सहज पेलणारी वीट, गाडीच्या अरुंद कडेचा भार एकाच जागी आला की पूर्वसूचना न देता फुटते. तिच्यावर विश्वास ठेवू नये.

प्रवासात टायर पंक्चर झाले तर जवळ केवळ कात्री जॅक असतो. तेव्हा सर्वांना उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे, स्टेपनी गाडीच्या कडेखाली ठेवावी आणि हातपाय गाडीखाली न घालता चाक बदलावे. स्टेपनी हा आपल्या तोंडचा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला आहे. तेथे १९०४ मध्ये जादा चाक विकण्यास आरंभ झाला. आपण त्या चाकाला आणखी एक कामगिरी दिली, इतकेच.

घरातील वडीलधाऱ्यांनी एक नियम मात्र कटाक्षाने पाळवून घ्यावा. घरात कोणी नसताना गाडीखाली जावयाचे नाही आणि जाणाऱ्याने घरात सांगून, गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवूनच जावे. दुर्दैवाने कोणी सापडलेच, तर त्याला ओढू नये. छातीवर भार असेल तर श्वासासाठी मिनिटेच हाती असतात. म्हणून एकाने हाका मारून माणसे जमवावीत व ११२ किंवा १०८ क्रमांक फिरवावा, दुसऱ्याने त्याच क्षणी जॅक लावून गाडी उचलावी, वर उचलताच तिच्याखाली आधार द्यावा आणि मगच माणसास बाहेर काढावे. तो उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला रुग्णालयात न्यावेच. आतला मार बाहेरून दिसत नाही.

आप्पा आज ऐंशीच्या घरात आहेत. गेल्या महिन्यात माझा पुतण्या नव्या मोटारीचे ऑइल बदलावयास निघाला, तेव्हा ते काठी टेकीत अंगणात आले. काही न बोलता त्यांनी काठीने प्रथम एक स्टँड ठोकून पाहिला, मग दुसरा आणि पुतण्याला म्हणाले, “आता गाडीला धक्का दे बघू.” गाडी हलली नाही. तेव्हाच त्यांनी त्याला आत जाऊ दिले आणि काम पुरे होईपर्यंत खुर्ची टाकून तेथेच बसून राहिले.