दुखणं हल्याला, इंजेक्शन पखालीला

या पानावर एरवी आपण हुमणी, बोंडअळी आणि खतांच्या मात्रा यांवर बोलतो. आज विषय मोटारसायकलचा आहे, म्हणून पान उलटू नका. सकाळी डेअरीला दुधाची कॅन, दुपारी रानात डबा, बाजारच्या दिवशी भाजीचं गाठोडं आणि रात्री-अपरात्री दवाखाना, ही सगळी कामं जी करते तिला अवजारच म्हणायला हवं. त्या अवजाराच्या एका बिघाडापायी आपला पैसा फुकट जातो आहे, म्हणून हे लिहितो.

तक्रार अशी असते : "साहेब, गाडी रेस धरत नाही. मूठ पिळली की आधी दम खाते, मग एकदम उडी मारते. मधेच मिसिंग होते." देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. कार्बोरेटर होता तेव्हा मिस्त्री स्क्रू जरा इकडे-तिकडे फिरवून गाडी मार्गी लावायचा. आता तशी सोय राहिली नाही. मग काय होतं? प्लग बदला, नाही जमलं तर पंप बदला, तरी नाही तर इंजेक्टर बदला. आपली जुनी म्हण आहे, दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला. नेमकं तेच चाललं आहे.

मी स्वतः यातून गेलो आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात पीक पाहणीला निघालो होतो. मोठा रस्ता ओलांडताना मूठ पिळली आणि गाडी निम्म्या रस्त्यातच दबली. समोरून मालट्रक येत होता. पाय टेकत, गाडी रेटत कसाबसा कडेला आलो. गॅरेजात आधी प्लग बदलला, मग पेट्रोलचा पंप बदलला. चार हजारांच्या वर गेले, गाडी होती तशीच. शेवटी गावातल्याच एका मिस्त्रीने टाकी उतरवून वायरीचा एकेक जोड उघडून पाहिला. थ्रॉटलच्या सेन्सरचा जोड आतून हिरवा पडला होता. साफ करून, वाळवून घट्ट बसवला आणि गाडी पहिल्यासारखी चालू लागली. पाणी आत गेलं कसं? तर दर रविवारी विहिरीवर फवारणीच्या एचटीपी पंपाने मीच गाडी धुवत होतो. चूक माझी आणि बळी गेला चांगल्या पंपाचा!

ही यंत्रणा समजायला अवघड नाही. आपला फवारणी पंप डोळ्यांपुढे आणा. बहुतेक गाड्यांत टाकीतच विजेवरचा छोटा पंप असतो. तो पेट्रोलला दाब देतो, पुष्कळ लहान गाड्यांत सुमारे ३ बार. इंजेक्टर म्हणजे नोझल. दाब कमी पडला किंवा नोझल तुंबलं तर फवारा बिघडतो. नोझल किती वेळ उघडं ठेवायचं हे ईसीयू नावाची पेटी ठरवते. मूठ किती पिळली, हवेचा दाब किती, इंजिन किती तापलं, धुरात ऑक्सिजन किती उरला, ही खबर तिला सेन्सर देतात. माती परीक्षणाचा अहवाल चुकला की खताची मात्रा चुकते, तसंच इथे खबर चुकली की पेट्रोलची मात्रा चुकते.

म्हणून पहिलं काम पान्याचं नाही, वहीचं आहे. गाडी नेमकी कधी अडखळते ते चार दिवस लिहून ठेवा. त्यावरून निम्मं निदान होतं.

हळू चालवताना मूठ जरा उघड-झाक केली की झटके बसतात? आधी चेन पाहा. चेन सैल असली तरी गाडी असेच हिसके देते आणि बोल मात्र इंजिनाला लागतो. मग मुठीच्या तारेतली ढील, थ्रॉटल बॉडीत साचलेली काजळी आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या रबराला पडलेली चीर पाहावी. चिरेतून जादा हवा शिरली की मिश्रण पातळ होतं.

चढावर, डबलसीट असताना किंवा मूठ पुरी पिळल्यावर दम तुटतो? मग हवा किंवा पेट्रोल कमी पडतंय. आपल्या फुफाट्याच्या रस्त्यांवर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच चोंदतो. तो ठीक असेल तर पेट्रोलचा फिल्टर आणि पंपाचा दाब तपासावा.

मूठ एका ठराविक जागी आली की दर वेळी तिथेच अडखळते? थ्रॉटलच्या सेन्सरवर संशय घ्या. पावसात किंवा धुतल्यावरच त्रास होतो? वायरींचे जोड आणि प्लगची टोपी पाहा. गाडी गोठ्यात लावत असाल तर उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, तेही पाहा.

आता तपासणीचा क्रम. बिनपैशाचं आधी, पैशाचं शेवटी. चावी फिरवल्यावर पुष्कळ गाड्यांत पंपाचा दोन-तीन सेकंद गुंजारव ऐकू येतो. तो येतो का ते पाहा. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा चावी लावल्यावर पेटून पुढे विझला पाहिजे. गाडी सुरू असताना तो पेटून राहिला तर ईसीयूने दोष नोंदवला आहे असं समजा. काही गाड्यांत हाच दिवा लांब-आखूड लुकलुकून दोषाचा आकडा सांगतो, इतरांत स्कॅनर लावावा लागतो. पण दिवा विझला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. फाटलेलं रबर किंवा सैल चेन दिव्याला कळत नाही.

मग बॅटरी. व्होल्ट मोजायचा मीटर वायरमनकडे असतोच. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळाले पाहिजेत. हौसेने लावलेले जादा दिवे आणि मोठे हॉर्न कुठल्या वायरीवर जोडलेत तेही पाहा. बॅटरी खचली की पंप आणि ईसीयू दोघांचीही उपासमार होते. प्लग बदलायचा तर पुस्तकात दिलेल्या नंबरचाच घ्या. इंजेक्शनच्या गाडीला रेझिस्टरचा प्लग लागतो. साधा घातला तर ठिणगीच्या विजेचा गोंधळ ईसीयूपर्यंत पोचू शकतो.

काय करू नये तेही सांगतो. इंजेक्टरला तार घालून टोचू नका. थ्रॉटलवरचा रंग लावून बंद केलेला स्क्रू फिरवू नका. पेट्रोलची नळी दाबाखाली असते, ती घरी उपसू नका आणि त्या वेळी जवळ विडी तर नकोच.

आता इथेनॉलबद्दल, कारण पारावर सगळं खापर त्याच्यावरच फुटतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे मिळतं आणि ते इथेनॉल आपल्या उसातूनही जातं, म्हणून खरं-खोटं दोन्ही बोललं पाहिजे. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, तेव्हा अॅव्हरेज थोडं घटणारच. जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्याने लवकर खराब होऊ शकतात. आपली गाडी ई-२० ला चालते का, हे पुस्तकात पाहून घ्यावं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं आणि पंप तळातूनच उपसतो. म्हणून झाकणाचं रबर नीट ठेवा, उघड्या कॅनमधलं शिळं पेट्रोल भरू नका. पण अॅव्हरेज घटणं वेगळं आणि मूठ पिळल्यावर झटके बसणं वेगळं. तपासल्याशिवाय इथेनॉलला फाशी देणं हेही पखालीला इंजेक्शनच!

गॅरेजात गेल्यावर तीन गोष्टी मागा. दोषाचा आकडा काय आला, दाब किती भरला आणि काढलेला जुना पार्ट कुठे आहे. बिल मागायला लाजू नका. कीड ओळखल्याशिवाय औषध मारू नका, असं मी तुम्हाला बांधावर सांगत असतो. गाडीच्या बाबतीत मीच ते विसरलो.

शेवटचं सरपंच मंडळी आणि गावच्या अधिकाऱ्यांसाठी. गावच्या मिस्त्रीला दोष देणं सोपं आहे. त्याचा हात कार्बोरेटरवर बसला, आणि गाड्या बदलल्या तेव्हा त्याला कोणी शिकवलं नाही. दोन-चार गावांनी मिळून एक स्कॅनर आणि दाब मोजायचा एक गेज घेतला, अवजार बँकेत ठेवला आणि मिस्त्रीला तालुक्याच्या आयटीआयमध्ये चार दिवस शिकायला बसवलं, तर तो खर्च एका हंगामात वसूल होईल. ग्रामसभेत बोअर आणि रस्त्याच्या जोडीने हा विषय एकदा घ्या. पाच मिनिटं पुरतील.

पैसा वाचेल हे तर आहेच. पण पाठीमागे लेकरू बसलेलं, बाजूला दुधाची कॅन आणि मोठा रस्ता ओलांडताना गाडी मधेच दबली, तर तिथे पैशाचा हिशेब राहत नाही. आज संध्याकाळी गाडी लावताना चेन हाताने उचलून पाहा आणि वहीचं पहिलं पान लिहायला घ्या.