रिक्त जागांच्या यादीत पैशाचाही रकाना हवा

मा. कुलगुरू,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर



एम.टेक. झालेली मुलं माझ्याकडे येतात ती एकच प्रश्न घेऊन: 'सर, पीएचडी करायची आहे, पण फेलोशिप कुठे मिळेल?' विषय कोणता, गाइड कोण, हे नंतर. घरचे आणखी चार-पाच वर्षं थांबतील का, इथंच सगळं अडतं.

विज्ञान शाखेला नेट-जेआरएफचा रस्ता तरी आहे. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या मुलाला यूजीसी-नेटच्या यादीत आपला विषयच सापडत नाही. गेटच्या जोरावर आयआयटीत शिरला तर विद्यावेतन मिळतं. तोच मुलगा 'कोल्हापुरातच संशोधन करतो' म्हणाला, तर बहुतेक वेळा फी खिशातून भरायची आणि पोटासाठी कुठंतरी तासिका तत्त्वावर शिकवायचं. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधकांना उपोषणाला बसावं लागलं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे.

म्हणून एक साधी विनंती. पीएचडीच्या रिक्त जागा जाहीर करताना प्रत्येक जागेपुढे पैशाचा रकाना असावा. फेलोशिप कोणाची, किती, किती महिन्यांची. प्रकल्पातून असेल तर प्रकल्प कधी संपतो. नसेल तर 'नाही' असं स्वच्छ लिहावं. जर्मनीत पीएचडीची जागा नोकरीसारखी जाहीर होते, वेतनश्रेणी आणि कराराची मुदत जाहिरातीतच असते. आपल्याकडच्या मुलाला मात्र ही माहिती सीनियरला फोन करून काढावी लागते, आणि ज्याच्या ओळखीत असा सीनियर नाही तो तिथंच मागे पडतो.

रकाना आला की बऱ्याच जागांपुढे 'नाही' दिसेल. दिसू द्या. तो भरायचा कसा, याचं निम्मं उत्तर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत आहे. तिथल्या फाउंड्रीत कास्टिंग बाहेरून निर्दोष दिसतं. मशिनिंगला गेल्यावर आतला ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, उघडा पडतो आणि अख्खा जॉब रिजेक्ट होतो. वितळवायला लागलेली वीज, वाळू, मजुरी सगळी पाण्यात. वाळूतली ओल, साच्यातून वायू बाहेर पडण्याची वाट, ओतताना धातूचं तापमान यांची सांगड घालणं हा पीएचडीचा अस्सल विषय आहे. वापरून टाकलेल्या वाळूचं काय करायचं, हा दुसरा. कारखानदाराला उत्तर हवं आहे, मुलाला विषय हवा आहे, आणि दोघांची गाठ घालून देणारं कुणी नाही. निम्मी फेलोशिप सरकारची, निम्मी कंपनीची, अशी पंतप्रधानांच्या नावाची योजना २०१२ पासून देशाने चालवून पाहिली आहे. ती इथं लहान प्रमाणावर का करू नये?

राजर्षी शाहूंनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, कारण खेड्यातून आलेल्या मुलाच्या जेवणाची आणि पथारीची सोय झाल्याशिवाय त्याची शाळा टिकणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. संशोधक विद्यार्थ्याची गरज याहून वेगळी नाही.

पुढच्या प्रवेशाची अधिसूचना निघण्यापूर्वी आपण कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, स्मॅक आणि गोशिमा या उद्योजक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना एका बैठकीला बोलवावं. फाउंड्रीतल्या विषयांची यादी मी आणि माझे सहकारी तयार करून देतो.

आपला नम्र,
कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक