पाडवा गेला, परसबागेची वेळ गेली नाही



गहू निघाला, हरभरा घरात आला, कांद्याची काढणी चालू आहे. परसात मात्र अजून खुरपं लागलेलं नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "आता कुठं लावता? पाडवाही गेला. पुढच्या वर्षी बघू." हे 'पुढच्या वर्षी' ऐकून गावोगाव फिरणाऱ्या आम्हा कृषी खात्यातल्या माणसांचे कान किटले आहेत. म्हणून स्पष्टच लिहितो. शेताचा हंगाम चुकतो, परसबागेचा सहसा चुकत नाही.

शेतात एकच पीक एकदम पेरायचं आणि एकदम काढून बाजारात न्यायचं असतं. तिथं पंधरा दिवसांचा उशीर उत्पन्नात दिसतो. परसबागेला ना व्यापारी, ना बाजारभाव. आज चार आळी केली, आठ दिवसांनी आणखी चार केली, तरी काही बिघडत नाही. उलट सगळी भाजी एकदम न येता थोडी थोडी रोज मिळते. तेव्हा उरकून टाकायचं काम म्हणून याच्याकडं बघू नका. सवडीनं करा.

मात्र उशिरा काय लावायचं, हे कळायला हवं. उन्हाळी भाजीपाल्याची चांगली वेळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, हे खरंच आहे. आता टोमॅटोची रोपं लावाल तर पारा चाळिशीकडं गेला की फुलं गळतील. मेथी आणि पालक उन्हात लवकर फुलावर येतात. कोबी, फ्लॉवरचं तर नावच काढू नका. या भाज्या पावसाळ्या-हिवाळ्यासाठी ठेवा.

गवार, भेंडी, चवळी या तिघी मात्र उन्हाला भीत नाहीत. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बी टोकलं तर पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत पहिला तोडा मिळतो. म्हणजे मृगाआधी भेंडी ताटात. भेंडीचं बी रात्रभर भिजवून लावा, उगवण चांगली होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' ही भेंडी हळद्या रोगाला दाद देऊ नये म्हणून काढलेली जात आहे. गवारीत 'पुसा नवबहार' घरच्यापुरती उत्तम. राजगिरा, तांदुळजा तर महिन्याभरात खुडायला येतात. कोथिंबीर हवी असेल तर धने रगडून दोन फाकी करा, भिजवा आणि झाडाच्या सावलीत टाका. उघड्या उन्हात ती टिकायची नाही.

दोडका, कारली, दुधी यांचे वेलही लावा, पण एक लक्षात ठेवा. कडक उन्हात वेलाला नरफुलं जास्त आणि मादीफुलं कमी येतात. "नुसती फुलंच आहेत, फळ धरत नाही" म्हणून वेल उपटू नका. हवा थंडावली की फळं धरू लागतात.

आता सगळ्यात मोठी अडचण, पाणी. जिथं हंडाभर पाण्यासाठी रांग लागते, तिथं बाग शिंपा असं सांगायला माझी जीभ धजत नाही. पण न्हाणीचं पाणी गल्लीत वाहतं आणि त्यावर डास होतात, हेही आपण रोज बघतो. ते पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून केळी, पपई, शेवगा यांच्या बुंध्याला द्या आणि उरलेलं शोषखड्ड्यात जाऊ द्या. पालेभाजीला मात्र ते घालू नका, तिला चांगलंच पाणी लागतं. वेलांच्या मधोमध एक मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून झाकण ठेवा. पाणी मुळाशी हळूहळू झिरपतं आणि उन्हानं उडून जात नाही. आळ्यात उसाचं पाचट, सोयाबीनचं कुटार, वाळला पाला जे असेल ते चार बोटं पसरा. पाणी घालायचं ते भल्या सकाळी किंवा दिवस कलल्यावर.

इतका खटाटोप कशासाठी? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली दिलेल्या आहाराच्या सल्ल्यात माणशी रोज सुमारे 400 ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो, महिन्याला साठ किलो झाल्या. अर्ध्या गुंठ्याच्या परसातून सगळ्या निघतील असं मी म्हणत नाही. पण आठवडी बाजाराची भाजी तीन दिवस पुरते आणि पुढचे चार दिवस डाळ किंवा चटणीवर जातात, ते चार दिवस परसबाग भरून काढते. शिवाय त्या भाजीवर काय फवारलंय, हे आपल्याला माहीत असतं. पाच एकर बागायत असलेल्या घरी कोथिंबीर विकत यावी, हे काही भूषण नाही.

एक गोष्ट पुरुष मंडळींना. परसबाग म्हणजे बायकांचं काम, असं म्हणून मोकळं होऊ नका. घर, शेत, धुणी-भांडी उरकून तिनंच आळी खणायची आणि खाताना तुम्ही चव सांगायची, हा न्याय नव्हे. खड्डे, शेळ्या-कोंबड्यांपासून कुंपण आणि पाण्याची सोय, ही तीन कामं तुमची.

बियाण्याचंही बघा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती गावठी बियाणं जपल्याबद्दल. प्रत्येक वेलावरचं एक चांगलं फळ बियाला राखलं तर पुढच्या वर्षी पाकिटाची वाट बघावी लागत नाही. संकरित वाणाचं बी मात्र राखून उपयोग नाही, तो गुण पुढं उतरत नाही.

शेवटी सरपंच, ग्रामसेवक आणि आमच्या खात्यातल्या सहकाऱ्यांना. बियाण्याची पाकिटं वाटून, फोटो काढून परसबाग होत नाही. हंगाम टळल्यावर आलेलं पाकीट फळीवरच राहतं. पाकिटं द्यायचीच तर जानेवारीत द्या आणि महिन्यानं उगवलं का ते बघायला जा. शाळेची बाग मे महिन्यात वाळते, कारण सुट्टीत पाणी घालायला कुणी नसतं. 1 मेच्या ग्रामसभेत एवढा एकच विषय घ्या. पाळीपाळीनं पाणी कोण घालणार, त्यांची नावं फळ्यावर लिहा. त्याला निधी लागत नाही आणि कुणाची मंजुरीही लागत नाही.