१३२ क्रेडिटचा हिशोब

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एकच प्रश्न विचारला जातो, "नाव कुठे घातले?" बारामतीत तुळजाराम चतुरचंद, विद्या प्रतिष्ठान किंवा शारदानगरचे मुलींचे महाविद्यालय, इंदापुरात कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय. नाव घातले, फी भरली, एसटीचा पास काढला की घरच्यांना आपले काम झाले असे वाटते. पण बी. ए.ची पदवी हातात पडायला नेमके काय काय पुरे करावे लागते, हे विचारणारे पालक फार थोडे. पूर्वी न विचारूनही चालत असे. विषय ठरलेले, परीक्षा ठरलेल्या, पास झाले की पुढचा वर्ग. आता तसे राहिलेले नाही, म्हणून या महिन्यात आम्ही पदवीचा हा हिशोब आपल्यासमोर मांडत आहोत.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि विद्यापीठाशी संलग्न बाकीच्या महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून पदवीचा नवा आराखडा लागू केला. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय स्वायत्त आहे. म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालयाची, पदवी मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. महाविद्यालय कोणतेही असो, हिशोबाची रीत एकच आहे आणि तिचे माप आहे क्रेडिट.

वर्गात १५ तास शिकले की एक क्रेडिट. प्रात्यक्षिक किंवा प्रत्यक्ष काम असेल तर एका क्रेडिटला ३० तास. एका सत्राचे २२ क्रेडिट, वर्षाचे ४४, तीन वर्षांचे १३२. एवढे झाले की तीन वर्षांची पदवी. चौथे वर्ष करून १७६ क्रेडिट मिळवले तर ऑनर्सची पदवी मिळते आणि पुढचे एम. ए. दोन वर्षांऐवजी एका वर्षात करता येते.

हे १३२ क्रेडिट एकाच विषयाचे नसतात. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र असा जो मुख्य विषय घेतला असेल, त्याचा वाटा साधारण निम्मा. बाकीचा निम्मा अनेक लहान लहान विषयांत वाटलेला असतो. एक दुय्यम विषय असतो. दुसऱ्या विद्याशाखेतला एक खुला विषय असतो, म्हणजे कला शाखेच्या मुलीने वाणिज्य किंवा विज्ञानातले काहीतरी शिकायचे. शिवाय भाषा, कौशल्याचे विषय, पर्यावरण आणि मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, खेळ किंवा राष्ट्रीय सेवा योजना, गावात जाऊन करायचा प्रकल्प, आणि एखाद्या कार्यालयात किंवा संस्थेत प्रत्यक्ष कामाचा अनुभव.

"इतिहास घेतलेल्या मुलीला हिशेबाचा विषय कशाला?" असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर जुने आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन त्याचे सदस्य होते. अमेरिकेतले आर्थर मॉर्गन हेही त्यात होते. मॉर्गन यांनी ओहायोतल्या अँटिऑक या लिबरल आर्ट्स कॉलेजात मुलांनी काही महिने वर्गात शिकायचे आणि काही महिने नोकरी करायची, अशी पद्धत १९२१ पासून चालवली होती. या आयोगाने आग्रह धरला की पदवीच्या विद्यार्थ्याला आपल्या विषयापलीकडचे सर्वसाधारण शिक्षणही मिळाले पाहिजे. झाकिर हुसेन तर हाताने काम करत शिकण्याचे मोठे पुरस्कर्ते होते. आज बारामती-इंदापूरच्या मुलांच्या तक्त्यात खुला विषय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव दिसतो, तो याच विचाराचा उशिरा आलेला भाग आहे.

आता घरातल्या अडचणीकडे येऊ. मुख्य विषयाचा अभ्यास मुले करतातच. पदवी अडकते ती बहुधा दोन-दोन क्रेडिटच्या विषयांत. "तो काय, किरकोळ पेपर आहे," म्हणून पर्यावरणाचे सादरीकरण राहते, भाषेची चाचणी राहते, प्रकल्पाची वही राहते. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागतो, मुख्य विषयात चांगले गुण असतात, आणि बेरीज १३० वर थांबते. १३० ला पदवी नाही. दोन क्रेडिट राहिले काय आणि वीस राहिले काय, हातात प्रमाणपत्र येत नाही.

मुलींच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट आहे, ती स्पष्टच सांगितली पाहिजे. गावातल्या प्रकल्पाला जायचे म्हटले, बँकेत किंवा नगरपरिषदेत कामाच्या अनुभवासाठी बसायचे म्हटले, की काही घरांतून नकार येतो. "कॉलेजला जाते तेवढे पुरे, बाहेर फिरायची काय गरज?" वाचकहो, हे फिरणे नाही. कामाच्या अनुभवाचे चार क्रेडिट असतात, म्हणजे १२० तास, आणि ते पदवीचाच भाग आहेत. ते केल्याशिवाय पदवी मिळत नाही. काळजी असेल तर तिच्यावर उपाय शोधावा. महाविद्यालयात जाऊन शिक्षकांना भेटावे, घराजवळची शाळा, ग्रंथालय, दवाखाना, पतसंस्था चालेल का ते विचारावे, दोन-तीन मैत्रिणींना एकाच ठिकाणी पाठवता येईल का ते पाहावे. काळजी घेणे हे आईबापाचे कामच आहे. पण त्या काळजीपोटी मुलीची तीन वर्षांची मेहनत अपुरी राहू नये.

नव्या आराखड्यात मधूनच थांबण्याची सोय आहे. पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट आणि वरचा चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम केला तर सर्टिफिकेट मिळते. दोन वर्षांनी ८८ क्रेडिटवर त्याच रीतीने डिप्लोमा मिळतो. ज्याच्या घरी अचानक संकट आले, त्याचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून ही सोय केली आहे. चांगली सोय आहे. पण ती आपल्या घरांत कशी वापरली जाईल, याची आम्हाला धास्ती वाटते.

चांगले स्थळ आले, पहिले वर्ष झाले आहे, सर्टिफिकेटही मिळते आहे. मग "झाले की एवढे शिक्षण" म्हणून निकाहाची तारीख धरली जाते. पूर्वी शिक्षण अर्धे सोडले तर घरच्यांना निदान चुटपुट लागत असे. आता हातात एक कागद येतो आणि चुटपुटही लागत नाही. मुलांचेही तसेच. दुसऱ्या वर्षाला गॅरेजवर, फळांच्या गाड्यावर किंवा एमआयडीसीत रोज सुरू होतो आणि डिप्लोमा घेऊन मुलगा कॉलेज सोडतो. घरात पैसा हवा असतो, हे आम्ही जाणतो. पण त्या कागदाची किंमत नीट माहीत असावी. तलाठ्याची भरती, राज्यसेवा परीक्षा, बँकेतली लिपिकाची जागा, बी. एड.चा प्रवेश, या सगळ्यांना पदवी लागते. ४४ क्रेडिटचे सर्टिफिकेट किंवा ८८ चा डिप्लोमा तिथे चालत नाही.

ज्या दाराने बाहेर पडता येते, त्याच दाराने परतही येता येते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. सर्टिफिकेट घेऊन थांबलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या नावावर जमा राहतात. लग्न होऊन मुलगी इंदापूरहून दुसऱ्या गावी गेली, तरी तिचे ४४ क्रेडिट तिच्याबरोबर जातात. तिथल्या महाविद्यालयात प्रवेशासाठी ते दाखवता येतात.

यासाठी दोन गोष्टी घरच्यांनी करून ठेवाव्यात. पहिली नावाची. आपल्याकडे शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरे आणि क्रेडिटच्या खात्यावर तिसरे असेल तर जोडणी होत नाही. प्रवेशाच्या वेळीच ती अक्षरे एकसारखी करून घ्यावीत. निकाहानंतर वडिलांचे नाव काढून नवऱ्याचे लावण्याची घाई करू नये. निकाहासाठी नाव बदलावे लागत नाही, आणि पदवी होईपर्यंत जुने नाव राहिले तर मुलीची कितीतरी खेटी वाचतात.

दुसरी गोष्ट निकाहाची. निकाह हा करार आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या रास्त अटी लिहिता येतात. मेहेर ठरवताना आपण तासभर बोलतो. मुलीचे ८८ क्रेडिट राहिले आहेत, ते ती अमुक वर्षापर्यंत पुरे करील, फी कोण भरील, परीक्षेच्या दिवसांत माहेरी राहील की सासरी, हेही त्याच बैठकीत बोलता येते आणि निकाहनाम्यात लिहिता येते. "आम्ही शिकवू की," हे तोंडी आश्वासन देणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण पहिले मूल होते, सासूबाई आजारी पडतात आणि सात वर्षे निघून जातात. लिहिलेले असले की निदान आठवण राहते. चांगल्या घराला अशा अटीचा राग येण्याचे कारण नाही, आणि ज्याला येतो त्याच्याबद्दल निकाहाआधीच कळलेले बरे.

प्रत्येक मुलाने चौथे वर्ष करावे किंवा प्रत्येकाने नोकरीच धरावी, असे आमचे म्हणणे नाही. दुकान चालवणाऱ्या मुलालाही पदवी उपयोगी पडते आणि घर सांभाळणाऱ्या मुलीलाही. पुढे कुणाला अचानक घर चालवायची वेळ आली, तर हातात पदवी असणे आणि नसणे यात किती फरक पडतो, हे आपल्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही विधवा बहिणीला विचारावे.

आपल्या मुलाचा किंवा मुलीचा क्रेडिटचा तक्ता महाविद्यालयाकडून मागून घ्या. नसेल कळत तर शेजारच्या शिक्षकाकडून समजून घ्या. आणि दर सत्राचा निकाल लागला की "किती टक्के पडले?" याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा, "१३२ पैकी किती झाले आणि कोणते राहिले?"