वाचनालयाची नोंदवही मुलांच्या हाती द्या

करजणहून एका वाचकाचे पत्र आले आहे. घराणे मूळचे कोकणातले, पण गेल्या तीन पिढ्या गुजरातेत गेल्या. मुलगी सातवीत, गुजराती माध्यमात शिकते. घरी आजीशी मराठीत बोलते, मराठीतच भांडते. परंतु मराठी पुस्तक हाती दिले की दोन पाने वाचून खाली ठेवते. ‘आमच्या करजणात मराठी शाळा निघावी म्हणून आपण काही खटपट कराल काय?’ असे त्यांनी विचारले आहे.

सीमाप्रश्नाच्या चळवळीत इतकी वर्षे घालवलेल्या माणसाला शाळेची मागणी करण्याची सवयच जडलेली असते. तरीही या गृहस्थांना मी खोटी आशा दाखवू इच्छीत नाही. विखुरलेल्या मराठी घरांसाठी करजणसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शाळा निघणार नाही. निघाली तरी पालकच आपली मुले तीत घालणार नाहीत, हे आपण बेळगाव-खानापुरात डोळ्यांदेखत पाहत आहोत. मागता येण्यासारखी आणि मिळण्यासारखी वस्तू दुसरीच आहे. ती म्हणजे गावच्या सार्वजनिक वाचनालयात एक मराठी कपाट आणि त्या कपाटाचे काम पाहणारी शाळकरी मुले.

या मुलीची अडचण नेमकी कोणती, हे आधी पाहू. अक्षरे तिला येतात, कारण हिंदीच्या तासाला तिने देवनागरी गिरवलेली आहे. हिंदीत नसलेला ळ तिला गुजरातीने दिला आहे. नपुंसकलिंगही गुजरातीत आहे. ‘चांगले पुस्तक’ म्हणताना हिंदीभाषक मूल जिथे अडखळते तिथे ती अडखळत नाही. म्हणजे आपण समजतो त्यापेक्षा ती मराठी वाचनाच्या कितीतरी जवळ उभी आहे. तिला अडते ते निराळ्याच ठिकाणी. ‘चहा’ आणि ‘चूक’ यांतला च लिहिताना एक, उच्चारताना दोन. ‘जग’ आणि ‘जीभ’ यांचेही तेच. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला तो डोळ्याच्या पापणीसारखा र तिने कोणत्याच पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही. या गोष्टी नियम पाठ करून येत नाहीत. कोणीतरी मोठ्याने वाचावे, आपण पानावर बोट ठेवून ऐकावे, आणि मग आपण कोणा लहानग्याला वाचून दाखवावे, अशा रीतीने त्या येतात. शाळा त्यासाठी लागतेच असे नाही. एक खोली, एक सतरंजी आणि आठवड्यातले दोन तास पुरतात.

करजण ज्या मुलखात आहे त्या मुलखाला तर ही गोष्ट नवी वाटू नये. सयाजीराव महाराजांनी 1906 साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत शिकलेले अक्षर पुस्तकावाचून विसरले जाते, हे ओळखून 1910 साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण केले. बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय, त्यातला मुलांचा स्वतंत्र विभाग, 1911 सालचा ग्रंथपालांचा वर्ग, खेडोपाडी लाकडी पेट्यांतून जाणारी फिरती वाचनालये हे सर्व त्या काही वर्षांतले. खात्याचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. गुजराती प्रजा बहुसंख्य असलेल्या संस्थानात मराठीला ही जागा कोणी आंदोलन करून मिळवलेली नव्हती, हे खरे. राजाचीच ती भाषा होती. पण एकाच छताखाली तीन भाषांचे ग्रंथ सुखाने नांदू शकतात, हे तिथे सिद्ध होऊन गेले आहे.

त्या व्यवस्थेतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पैशाचा हिशेब. गावाने वर्गणी काढून जेवढी रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांतपंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने. ग्रामवाचनालयासाठी वर्षाला शंभर रुपयांची मर्यादा. आधी गावाने हात हलवायचा, मग सरकारने. आपली निवेदने नेमकी उलट्या क्रमाने लिहिलेली असतात.

आणि मोतीभाई अमीन यांना कसे विसरावे? विद्यार्थिदशेतच त्यांनी आपल्या वसो गावी वाचनालयाचा उद्योग आरंभला. पुढे शिक्षक झाल्यावर 1906 पासून ‘मित्रमंडळ’ वाचनालये गावोगाव उभी केली, आणि संस्थानाच्या ग्रंथालय खात्याला जमीन आयती भुसभुशीत मिळाली.

आज मुलांसाठी म्हणून जे कार्यक्रम होतात त्यांविषयी मात्र मला फारसे प्रेम नाही. आमच्याच भागातील एका वाचनालयात वाचनदिनाला शंभरेक मुले ओळीने आणून बसवली होती. भाषणे झाली, प्रशस्तिपत्रके वाटली, छायाचित्र निघाले. आठ दिवसांनी त्यांतला एक मुलगा पुस्तक मागायला आला, तेव्हा लहान मुलांना सभासद करून घेत नाही म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. प्रशस्तिपत्रक त्याच्या खिशात असेल.

मुलांना काम द्यावे. नव्या पुस्तकाची दाखल नोंद करणे, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी डकवणे, फाटक्या पुस्तकाला जाड कागदाचे वेष्टन घालणे, आजारी आजोबांना घरपोच पुस्तक देऊन आठवड्याने परत आणणे. करजणच्या मुलीला मी आणखी एक काम देईन: प्रत्येक मराठी पुस्तकाचे नाव आणि दोन ओळींचा परिचय गुजरातीत लिहून कपाटावर लावणे. त्यासाठी तिला पुस्तक वाचावेच लागेल, आणि तिची गुजराती मैत्रीणही त्या कपाटापाशी येईल. नारेश्वर याच तालुक्यात आहे. तिथे राहिलेले रंग अवधूत महाराज मराठी घरात जन्मले आणि त्यांनी दत्तबावनी गुजरातीत लिहिली. दोन्ही भाषांचे भाविक ती म्हणतात. तेव्हा एका दुभाषी कपाटाचे त्या गावाला नवल वाटण्याचे कारण नाही.

यात एक धोका आहे, तो सांगून टाकतो. मुले फुकट काम करतात म्हणून ग्रंथपालाचे पद रिकामे ठेवण्याची बुद्धी कोणालाही होऊ शकते. तुटपुंज्या पगारावर राबणारा वाचनालयाचा सेवक काढून त्याच्या जागी मुले बसवणे हा अन्याय होईल. मुलांनी आठवड्याला दोन तासांहून अधिक काम करू नये, आणि देवघेवीच्या टेबलाशी जबाबदार मोठे माणूस असावेच.

पुस्तके कुठून आणावीत, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना 2009 पासून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोहोचवते आणि काही महिन्यांनी त्या आपसांत बदलते. महाराष्ट्राबाहेर व परदेशातही त्या गेल्या आहेत. बडोद्याची लाकडी पेटीच जणू शंभर वर्षांनी पुन्हा निघाली. मागणाऱ्याने गट तेवढा जमवायचा.

आता सीमाभागातील माझ्या मित्रांना न रुचणारी एक गोष्ट. कर्नाटक सरकारने 2020 साली ‘ओदुव बेळकु’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायतीच्या वाचनालयांत मुलांना विनामूल्य सभासद करून घेण्यास आरंभ केला. आपल्या किती गावांनी मराठी मुलांची नावे तिथे नोंदवली? ‘ते कन्नडचे काम’ म्हणून आपण दाराबाहेर उभे राहिलो, आणि मग आत मराठी पुस्तक नाही म्हणून तक्रार केली. सभासदांच्या यादीत चाळीस मराठी मुले असती, तर मराठी पुस्तकांची मागणी करायला आपल्याजवळ निवेदनापेक्षा भक्कम कागद असता. न्यायालयातला दावा आपल्या गतीने चालेल. तोवर सातवीतले मूल दहावीत गेलेले असते.

करजणच्या गृहस्थांना मी उत्तर लिहिले आहे. गावच्या ग्रंथपालांना भेटून एक कपाट मागा, मराठी घरांतून मुले जमवा, त्यांत दोन-तीन गुजराती मुलेही घ्या. आजींना शनिवारी वाचायला बसवा. माझ्याकडे पस्तीस-चाळीस बालपुस्तके निघाली आहेत, ती मे महिन्याच्या सुट्टीआधी पाठवतो. सोबत एक नोंदवही पाठवीन, ती मात्र कोरी असेल. रकाने मुलीने आखावेत.